परवलीचा कानखजुरा

ऑनलाइन गेममधल्या अनोळखी लोकांचा धसका घेऊन पार्लरवाल्या आईने लेकीला परवलीचा शब्द दिला होता. 'आईने पाठवलंय' असं कुणीही म्हटलं, तर आधी त्याच्याकडून तो शब्द वदवून घ्यायचा. शब्द होता 'कानखजुरा'.

आई एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरत होती, तेवढ्यात लेक टॅब घेऊन आली.

"आई, काल गेममधला एक दादा म्हणाला, तुझ्या आईने सांगितलंय, तुला शाळेतून मी न्यायला येणार. मी म्हटलं, शब्द सांग."

"मग?"

"त्याला कुठला येतोय! म्हणे, तूच सांग ना. मी म्हटलं, वा रे शहाण्या!"

"गुणाची गं माझी बाय ती!" आईने आरशातून गिऱ्हाइकाकडे तोऱ्यात बघितलं. "मग पळाला ना?"

"छे. म्हणाला, आईलाच विचारतो. पार्लरच्या पाटीवर नंबर आहे तिचा."

गिऱ्हाइकाची एक भुवई तशीच राहिली. आज दुपारीच 'शाळेतून बोलतोय, मुलांच्या सुरक्षेसाठी परवलीचे शब्द नोंदवून घेतोय' असा फोन आला होता. गृहस्थ फार अदबीने बोलत होते. नोंदवताना चूक नको, म्हणून तिने त्यांना शब्द दोनदा सांगितला होता.