पार्कातला एकुलता पाहुणा

पार्कात एकच पाहुणा होता आणि त्याला बाहेर पडता येत नव्हतं. त्याचं नाव सुफियान. हा खेळ चालू असलेल्या कॉम्प्युटरसमोर छोट्या स्टुलावर अवघडून बसलेल्या माणसाचं नावही सुफियानच.

"हा मी?" त्याने विचारलं.

"हो. गेटच्या जागी भिंत बांधलीय," नऊ वर्षांची तालीन म्हणाली.

पडद्यावरचा सुफियान सातव्यांदा आकाशपाळण्याला वळसा घालून आला. त्याच्या डोक्यावर फुगा उमटला : मला घरी जायचंय.

खऱ्यालाही जायचं होतं. बाहेर दिवाणखान्यात त्याच्याकडची अठरा वडीलधारी माणसं मागणी घालायला आली होती. भाषणं झाली होती. प्रत्येकापुढे कॉफीचा पेला होता, आणि रिवाजाप्रमाणे मुलीकडचा होकार येईपर्यंत त्याला कुणी ओठ लावणार नव्हतं. अर्धा तास झाला. पेले गार पडले. नवरीमुलीने, रुबाने, स्वयंपाकघरातून एवढाच निरोप धाडला होता : आधी माझ्या धाकट्या बहिणीला विचारा.

"तालीन, कुवेतला माझी नोकरी आहे. तुझ्या ताईला मी तिथे राणीसारखं ठेवीन."

"काका, तुम्हाला तहान लागलीय."

"नाही गं."

"तुम्हाला नाही, तुम्हाला." तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

"मग सरबताची गाडी लाव ना तिथे!"

"लावते. कुवेत सोडा."

सुफियान हसला. ती हसली नाही.

त्याने सायकल देऊ केली. तालीन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, परत आली. "सायकल नको." त्याने दर उन्हाळ्यात ताईला महिनाभर माहेरी पाठवायचं कबूल केलं. ती पुन्हा पाणी पिऊन आली. "महिना नको."

दारात सुफियानचे चुलते अबू शाहर येऊन उभे राहिले. "आटप रे गाढवा! बोलून बोलून घशाला कोरड पडलीय, आणि समोरच्या कॉफीचं मी नुसतं दर्शन घेतोय!"

पडद्यावरचा सुफियान रस्त्यातच फतकल मारून रडू लागला. खराही रडण्यापासून फार लांब नव्हता.

"इथे इर्बिदमध्ये भावाचं फरशांचं दुकान आहे," तो शेवटी म्हणाला. "त्यात बसेन. कुवेतला नाही जात. वल्लाह, अल्लाची शपथ!"

या वेळी तालीनला भलतीच तहान लागली. धावत गेली, धावत आली आणि दारातून ओरडली, "बाबा, सांगा त्यांना प्यायला!"

अठरा पेले एका दमात रिकामे झाले. स्वयंपाकघरात बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या.

"काय द्यावं लागलं रे?" अबू शाहरांनी मिशी पुसत विचारलं.

"काही नाही. कुवेत."

सुफियान स्टुलावरून उठला. पडद्यावरचा मात्र अजून भिंतीला डोकं लावून उभा होता.

"आता तरी गेट उघड त्याचं."

"मी फक्त भिंती बांधते, काका. गेटचं मालकाला विचारा." तालीनने खेळ बंद केला.

पडदा काळा होण्याआधी त्यावर दोन ओळी आल्या. पार्क सेव्ह झालं. मालक : रुबा.