मुखियाची भरलेली कळशी

सरकारी नळ एकच आला आणि अख्खं गाव एकमेकांच्या झिंज्या उपटायला धावलं. “मुखिया दाखवतील तिथे बसवू,” साहेब म्हणाले. मुखियाची सून मनोमन सुखावली. पाणी वाहून वाहून तिची कंबर कामातून गेली होती. पण सासरे म्हणाले, “विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन निघतो. दमून टेकवेन तिथे नळ.” जन्मात पेला न उचललेला माणूस. गाव हसलं. झाकणाची कळशी खांद्यावर घेऊन ते कण्हतकुंथत घर ओलांडून थेट गावाबाहेरच्या कुबडीवाल्या म्हातारीच्या दारात टेकले. सून तणतणत आली. “मामंजी, घर मागेच राहिलं.” “असं होय? मग ने ही परत.” तिने कळशी उचलली. आत थेंबही नव्हता. म्हातारी कुबडीने दगड सारून नळाला जागा करत होती. “केवढी जड आहे,” सून सगळ्यांना ऐकवत म्हणाली, आणि वाकून घराकडे निघाली.