कड्याची उंची

हवामानाचं मॉडेल सकाळपासून तिसऱ्यांदा क्रॅश झालं, आणि तिन्ही वेळा एकाच जागी: कडेवाडीच्या मागच्या उभ्या कड्यावर. तिथल्या वाऱ्याचा वेग गणितात मावतच नव्हता.

"कडा तीनशे मीटरने उतरवा," धामणकर सर म्हणाले. नकाशातला डोंगर बुटका करायचा, हा हवामान केंद्रातला नेहमीचा उपाय. हेमांगीने तसं केलं. मॉडेल सुरळीत चाललं. कडेवाडीसाठी उत्तर आलं, दिवसभर मंद वारे.

बारा वाजता हा अंदाज पाठवायचा होता. साडेअकराला कडेवाडीहून शेवंतामावशीचा फोन आला.

"हेमांगी, गुरं दावी तोडतायत गं. वाऱ्याचं लक्षण बरं नाही. आणि निवाऱ्याचं दार बंद."

वादळासाठी बांधलेल्या निवाऱ्यांची दारं मॉडेलने इशारा दिला तरच उघडत. माणसांच्या भीतीवर ती उघडायची नाहीत, असा कायदा होता. त्याला अपवाद एकच: बारापर्यंत अंदाज आलाच नाही, तर खबरदारी म्हणून जिल्ह्यातली सगळी दारं आपोआप उघडत.

हेमांगीने फोन कानाशी तसाच धरून कड्याची तीनशे मीटर उंची त्याला परत दिली आणि मॉडेल पुन्हा सुरू केलं. अकराव्या मिनिटाला ते क्रॅश झालं.

बाराच्या ठोक्याला फोनमधून लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला, मागोमाग पोराबाळांचा गलका.

धामणकर सर धावत आले. "परत क्रॅश? कधी दुरुस्त होईल?"

"वारा पडला की होईल," हेमांगी म्हणाली.