मासे बंद

दार उघडलं तर समोर मासिमा, आणि त्या उभ्या उभ्याच रडत होत्या. मंजुषाला काही सुधरेना. वरच्या मजल्यावरच्या या म्हातारबाई वर्षभर लेकीकडे बंगळुरूला होत्या, कालच कोलकात्याला परतल्या होत्या. आल्या आल्या असं झालं तरी काय?

मासिमांनी तिला घट्ट मिठी मारली. मग जरा लांब धरून निरखलं. डोक्यावर नुकते बोटभर उगवलेले केस, हात ओकेबोके, अंगात फिकट गाऊन. मासिमांना पुन्हा हुंदका.

"हमको कोई बोला भी नहीं! कब हुआ?"

आपल्या आजाराचं यांच्या कानावर गेलेलं दिसतंय, असं मंजुषाला वाटलं. अंडाशयाचा कॅन्सर म्हटलं की लोक कुजबुजतात. या निदान मोकळेपणी रडतायत तरी.

"पिछले साल. अचानक पता चला, मासिमा. पेट फूल गया था."

"बहुत कष्ट हुआ?"

"बहुत. ऑपरेशन, फिर केमो. अब सब हो गया. अब शांति है."

मासिमांनी पदर तोंडाला लावला. "और तुम इतना बड़ा घर में अकेला!"

"अकेली कहाँ? ये हैं ना."

आणि 'ये', म्हणजे तिचा नवरा जयप्रकाश, दुधीच्या रसाचा ग्लास घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आला. मासिमांनी अशी किंकाळी फोडली की निम्मा रस त्याच्या शर्टावर सांडला.

उलगडा व्हायला अंमळ वेळच लागला. काल मासिमांनी गॅलरीतून मंजुषाचं डोकं पाहिलं होतं. आज सकाळी गल्लीत मासेवाला ओरडला, मजल्यामजल्यावरून दोरीला बांधलेल्या पिशव्या खाली उतरल्या, हिची तेवढी उतरली नाही. विचारलं तर तो म्हणाला, त्या दीदींनी मासे कधीच बंद केले. मासिमांच्या लहानपणी बंगालात बाई मासे सोडायची ती एकाच कारणानं, नवरा गेला की. त्यात ही मालवणची. एक वेळ देवाला विसरेल, बांगड्याला नाही, हे मासिमांना चांगलं ठाऊक. मग आणखी काय समजायचं त्यांनी?

"आदमी जिंदा है, तो माछ क्यों छोड़ा?" मासिमा आता चिडल्या होत्या. "डॉक्टर मना किया?"

डॉक्टरांनी कुठलं मना केलंय! त्या बिचाऱ्या म्हणाल्या होत्या, सगळं खा, डाळी, भाज्या, अंडी, मासे. रोज चाला, पुरेसं झोपा, तपासणी चुकवू नका. बस, एवढंच. पण एवढ्याशावर जयप्रकाशचा विश्वास बसेल तर ना. माणूस कस्टम्समधला. खिदिरपूरच्या गोदीत कोणाच्या शब्दावर एक खोकं सोडायचा नाही, पण मोबाइलवरच्या कुठल्याही दाढीवाल्यानं सांगितलं की घरातला एकेक डबा बाहेर. एका व्हिडिओत दूध विष, दुसऱ्यात अमृत. साखर गेली, चहा गेला, मासे गेले. परवापासून हवा वाईट म्हणून सकाळचं चालणंही गेलं.

मंजुषाला तर काहीच कळेनासं झालं होतं. थकवा येतो तो आजाराचा की उपासमारीचा? भूक लागली की आनंद मानायचा की घाबरायचं? रिपोर्ट म्हणत होता, तुम्ही बऱ्या आहात. घर म्हणत होतं, छे, कुठल्या बऱ्या. यातलं खरं काय, हे एकदा कोणीतरी छातीठोकपणे सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

"डॉक्टर नहीं बोला," जयप्रकाश शर्ट पुसत पुटपुटला. "मैंने ही... संभालना पड़ता है ना."

मासिमांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. टेबलावर झाकून ठेवलेलं उकडलेलं, बिनफोडणीचं काहीतरी होतं, तेही झाकण उचलून पाहिलं. त्यांचा गोंधळ काही मिटेना.

"हमारे यहाँ कोई मरने से ऐसा खाना बनता है," त्या म्हणाल्या. "तो मरा कौन?"

मंजुषाला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि आपण हसतोय की रडतोय, तेही तिला धड कळेना.

"अहो, सांगा ना त्यांना," ती म्हणाली. "आपल्या घरात कोण गेलंय?"

जयप्रकाशनं तोंड उघडलं. 'कोणी नाही' एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते बाहेर पडेपर्यंत त्याला भिंतीचा आधार घेऊन खाली बसावं लागलं.