'अगस्ती'ची स्मृतिसभा

मंगळाकडे निघालेलं 'अगस्ती' यान जळालं, त्याला पंचवीस वर्षं झाली. त्यानंतर जगात कुणीच माणसाला अंतराळात पाठवलं नव्हतं. यानातल्या शर्वरीच्या आईला, कुमुदिनीबाईंना, दरवर्षी जुन्या प्रक्षेपणतळावर स्मृतिसभेला बोलावत. यंदा त्यांनी लेकीचं शेवटचं पत्र वाचायला आणलं होतं.

अधिकाऱ्याने ते आधी चाळलं. "बाई, शेवटची ओळ तेवढी गाळा. उगाच वाद नको."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. व्यासपीठावर जाऊन त्यांनी फक्त तीच ओळ वाचली, "आई, आम्ही परतलो नाही, तरी पुढचं यान थांबवू देऊ नकोस."

सभागृह गलबललं. लोकांनी उभं राहून मौन पाळलं, डोळे पुसले आणि एकेकाळी जिथे यानं जोडली जात, त्या शेडमध्ये सगळे जेवायला गेले.