तोंडाने विचारायची बरोबरी

पहिल्याच चालीला भागोजीने दोन प्यादी एकदम पुढे सरकवली. मांडवीच्या जेटीवर तीस वर्षं डाव असाच उघडत आला होता. समोर फारुक. त्याचाही हात सवयीने गेला आणि त्यानेही दोन प्यादी ढकलली.

"अहो काका, काय चाललंय दोघांचं?" पंचबाई धावत आल्या. "ही जिल्हा स्पर्धा आहे. एका वेळी एकच मोहरा!"

हॉलभर हशा पिकला. हे दोघे मात्र हसले नाहीत. गेल्या वैशाखात, जेटीवर मागे घेतलेल्या एका चालीवरून त्यांच्यात अबोल्याची गाठ बसली होती. शिमगा आला, पालख्या नाचून गेल्या, गाठ तशीच. आज चिठ्ठ्यांनी दोघांना एका पटावर आणून बसवलं होतं.

डाव पुन्हा मांडला. दीड तासाने पटावर दोन राजे उरले आणि दोघांचा एकेक हत्ती. आता जिंकणं कुणाच्याच हाती नव्हतं. भागोजीला त्याचं काहीच नव्हतं. पट उठला की फारुक उठेल, चपला घालील, राजिवड्याला घरच्या वाटेला लागेल. मग पुन्हा कधी समोर बसायचा?

"बाय, ह्यांना विचारा," तो पंचबाईंना म्हणाला, "बरोबरी चालंल काय."

"मी नाही विचारायचं, काका. तुम्हीच समोरच्याला तोंडाने विचारायचं. नियमच आहे तसा."

फारुक पटाकडेच बघत राहिला. घड्याळ टिकटिकत होतं.

"फारक्या," शेवटी शब्द सुटला, "बरोबरी?"

"एवढं विचारायला वरीस लागला तुला?" फारुकने हात पुढे केला, आणि भागोजीचा हात सोडायच्या आतच म्हणाला, "माझ्या आफरीनला मुलगी झाली रे. चार महिन्यांची झाली."

"ठाव हाय. आमच्या गंगीनं दुपटं शिवून ठेवलान. पेटीत पडलाय. आणू कसा?"

"काका! बाकीचे खेळतायत." पंचबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मग भागोजीने हळूच दोन्ही तळवे समोरासमोर धरून दुपट्याची लांबी दाखवली. फारुकने ती निरखली, मान हलवली, आणि भागोजीचे हात धरून एकमेकांपासून आणखी वीतभर लांब केले.