नवी मार्क थ्री

माझ्या लग्नात माइकवर आहेर पुकारायला थोरले दीर बसले होते, रामनाथ भावोजी. माझ्या बापाची पाळी आली तसे दात काढून ओरडले, "नवरीच्या वडलांकडून ॲल्युमिनियमचं पातेलं, एक नग, पोचा आलेलं!" अख्खा मांडव हसला. बाप न जेवता उठून गेला.

शहात्तर साली भावोजींच्या पोराचं लग्न ठरलं. व्याह्यांना थाप मारून बसले होते, आपल्याकडे नवी ॲम्बेसेडर आहे, मार्क थ्री. होती जुनी मार्क टू. लांबून बघणाऱ्याला दोघींत फरक दिसतो तो तोंडाचा. जुनीला चौकटीचौकटीची जाळी, नवीला आडव्या पट्ट्या. माझा नवरा लहू मरोळच्या गॅरेजात कामाला, त्याच्याकडूनच गुपचूप तोंड बदलून घेतलं. वर बजावलं, "बायकोजवळ बोलू नकोस."

लहू जुनी जाळी भंगारात टाकणार होता. मी म्हटलं, "घरी आण रे, घासून ठेवते."

लग्नाला जोगेश्वरीत मांडवाच्या दाराशी गाडी उभी, हारतुरे घालून. व्याही तिच्यावरून कौतुकाने हात फिरवत होते. माइकवर नवरीचे मामा. मी रंगीत कागदात गुंडाळलेला आहेर त्यांच्या हातात दिला, आणि काय पुकारायचं ते कानात सांगितलं. मामा साधे, जसंच्या तसं बोलले.

"नवरदेवाच्या काकूकडून, दारातल्या नव्या मार्क थ्रीची जुनी मार्क टूची जाळी, एक नग, पोचा न आलेली!"